ही पिसं इथली नाहीत

मेधा,

तुझ्या शोकसभेत टाळ्या वाजल्या. हे आधी सांगून टाकते, कारण तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

संस्थेच्या सभागृहात तुझा फोटो ठेवला होता. ओळखपत्रावरचाच मोठा केलेला. त्यात तू पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होतीस. चंदनाचा हार, अगरबत्ती, पांढरी चादर, सगळं रीतसर. आपले विभागप्रमुख उठले, तुझ्याबद्दल चार बरे शब्द बोलले, आणि मग आवाज जड करून म्हणाले, "मेधा जी का पेपर हम इसी महीने जर्नल को भेज रहे हैं. पहला नाम उन्हीं का रहेगा. यही हमारी सच्ची श्रद्धांजलि होगी." मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. अविनाश भाऊजी पहिल्या रांगेत होते, त्यांनी रुमाल काढला. तुझी इरा त्यांच्या शेजारी ताठ बसली होती. मी एकटी हात मांडीवर ठेवून बसले. तो पेपर चुकीचा आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं एक हार घालून फोटोत बसलं होतं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. शोकसभेत उभं राहून "हा पेपर पाठवू नका" असं कोण म्हणेल? मी म्हटलं असतं तर लोकांनी मलाच वेडी ठरवलं असतं. आणि हे सगळं तुझ्यामुळे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत. मी रागावले आहे, आणि तुझ्यावर रागवायची मला सवय आहे, ती काही तू गेलीस म्हणून सुटणार नाही.

आपली ओळखसुद्धा माझ्या रागातूनच झाली होती. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात मी मिरजेच्या भावाला फोनवर झापत होते, आणि एक बाई शांतपणे उभी राहून ऐकत होती. फोन ठेवला तशी तू म्हणालीस, "बंद कायले केला वो? अजून बोला नं. किती दिवसांनी कोणी मराठीत भांडून राहिलं!" चंदीगडला येऊन मला बरीच वर्षं झाली होती, तू नवीन होतीस. अकोल्याची, हवाई दलातल्या अधिकाऱ्याची बायको, दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव. त्या दिवशी आपण कॅन्टीनमध्ये बसलो, तिसऱ्या चहाला तू मला 'कल्पे' म्हणायला लागलीस आणि मी तुला 'अगं मेधे'. एकेरीवर यायला तू मला विचारलं नाहीस, मीही तुला नाही.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं तुझं चालायचं. जोरहाटला बदकांवर काम सुरू केलंस, नमुने गोळा झाले, बदली आली. जामनगरला शेळ्या. बिदरला आणखी काहीतरी. प्रत्येक ठिकाणी तू कुठल्या तरी संस्थेत कंत्राटी शास्त्रज्ञ म्हणून लागायचीस, मान मोडून काम उभं करायचीस, आणि मग काळ्या लोखंडी पेट्या निघायच्या. तुझं काम मागे राहिलेली माणसं पूर्ण करायची. छापून आलं की शेवटी आभारात तुझं नाव असायचं, कधी तेही नसायचं. तू हसून सांगायचीस, "माझे पेपर नं कल्पे, ते दत्तक गेलेले पोरं आहेत. चांगल्या घरी आहेत." मला हसू यायचं नाही. मी त्या जोरहाटवाल्यांना आणि जामनगरवाल्यांना न बघता शिव्या घालायचे, आणि तू माझ्या ताटातली कोशिंबीर उचलायचीस.

इथे चंदीगडला मात्र दैवानं तुला जरा थारा दिला. इराची बारावी आणि कोचिंग होतं म्हणून भाऊजींनी मुदत वाढवून घेतली. आणि तू पिसं धरलीस.

कोंबडीला किती ताण आहे हे रक्तावरून कळत नाही, हे तू मला पहिल्याच आठवड्यात समजावलंस. तिला पकडायला गेलं की ती घाबरते, आणि रक्तातलं ताणाचं संप्रेरक तिथल्या तिथे चढतं. म्हणजे आपण मोजतो तो आपलाच त्रास. पिसाचं तसं नाही. पीस वाढत असतं तेव्हा त्याच्या दांड्यात रक्त खेळतं, आणि त्यातलं संप्रेरक पिसात हळूहळू साठत जातं. वाढ संपली की रक्त आटतं आणि पीस तिथेच थांबतं. मग त्यात पुढचं काही उतरत नाही. कोंबडीचे ते काही आठवडे कसे गेले, तेवढंच त्यात राहतं. "हे पाह्य," तू म्हणाली होतीस, पंखातलं एक मोठं पीस उजेडात धरून, "हे खोटं नाही बोलत."

जूनमध्ये पंखा बंद करून आपण पिसं कापायचो. पंखा लावला की सगळी प्रयोगशाळा तुकड्यांनी भरायची. चंदीगडचा जून, अंगाची लाही लाही, आणि आपण दोघी दारं लावून बारीक कात्रीनं पिसं कातरतोय. तुझ्या भुवईवर, माझ्या चहात, सगळीकडे पांढरं कात्रण. मग ते मिथेनॉलमध्ये भिजवायचं, गाळायचं, वाळवायचं आणि संप्रेरक तपासायच्या किटवर मोजायचं. आणि मोजून झालं की आपलं भांडण सुरू व्हायचं.

आलेला आकडा भागायचा कशानं? मी म्हणायचे वजनानं. एक मिलिग्रॅम पिसात इतकं संप्रेरक. मी औषधशास्त्रातली, मला सगळं वजनात कळतं. तू म्हणायचीस लांबीनं, दर मिलिमीटरला इतकं. "अवं, पीस रोज सारखं वाढतं. लांबी म्हणजे दिवस, बाप्पा! वजन म्हणजे काय? जाड पीस, पातळ पीस, दांडा मोठा, दांडा लहान. वजनाले काय माहीत किती दिवस गेले?" मी म्हणायचे, फुटपट्टी शाळेत वापरतात, प्रयोगशाळेत तराजू असतो. हे भांडण आपण कॅन्टीनमध्ये केलं, गाडीत केलं, गणपतीच्या आरतीच्या रांगेत उभं राहून दबक्या आवाजात केलं, पुढच्या बाईनं मागे वळून बघितलं तरी केलं. शेवटी दोन्हीनं मोजायचं आणि पेपरात माझं घालायचं असं ठरलं, कारण मी जास्त ओरडले होते.

पेपर साधा होता. चंदीगडजवळच्या बरवाला गावाच्या बाजूला जसपालजींची पोल्ट्री. त्यांची एक जुनी शेड, तारेच्या पिंजऱ्यांची, आणि एक नवी, जिथे जमिनीवर तूस पसरलेलं आणि कोंबड्या मोकळ्या फिरतात. दोन्हीकडच्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांची पिसं घ्यायची आणि कुठे ताण जास्त ते बघायचं. कोंबडीला दुखायला नको म्हणून तू पीस उपटू दिलं नाहीस. कातडीच्या वर कात्री लावून कापायचं, खुंट तसाच ठेवायचा. घेतलेल्या प्रत्येक कोंबडीच्या पायात तू रंगीत कडी घातलीस आणि त्यांना 'माझ्या पोरी' म्हणायला लागलीस.

निकाल इतका छान आला की आपण दोघी नाचलो. नव्या शेडच्या कोंबड्यांच्या पिसांत संप्रेरक कितीतरी कमी. म्हणजे मोकळ्या शेडमध्ये कोंबडी सुखात. जे सगळ्यांना वाटतं तेच निघालं. विभागप्रमुख इतके खूश झाले की स्वतः जिलेबी घेऊन आले. पेपर लिहून झाला, तुझं नाव पहिलं, माझं दुसरं, साहेबांचं शेवटी मानाच्या जागी. तू स्क्रीनवर स्वतःचं नाव बघून म्हणालीस, "पहिल्या नंबरवर कसं वेगळंच दिसतं नं!" मी म्हटलं, हो, जामनगरवाल्यांना प्रिंट काढून पाठव.

आणि मग तो दिवस. दसरा होऊन गेला होता. जसपालजींना निकाल सांगायला आपण गेलो. ते आत चहा सांगायला गेले आणि तू नव्या शेडमध्ये उभी राहून खाली बघत राहिलीस. मला वाटलं काही पडलंय. तू वाकलीस, तुसात हात फिरवलास, आणखी पुढे जाऊन पुन्हा फिरवलास.

"कल्पे, इथं खाली पंखातलं मोठं पीस एकही नाही."

"मग?"

"ह्या पोरींनी अजून पिसं टाकलीच नाहीत. नवे आलेच नाहीत. म्हणजे आपण कापले ते..."

तू जसपालजींना हाक मारलीस. या कोंबड्या कुठून आणल्या, किती मोठ्या असताना आणल्या, सगळं विचारलंस. नव्या शेडच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या आधीच्या कोवळ्या कोंबड्या, एका ठिकाणच्या. जुन्या शेडच्या दुसऱ्या ठिकाणच्या. दोन्ही इथे आल्या तेव्हा पंखांची वाढ संपत आलेली. आपण मोजला तो ताण या शेडचा नव्हताच. त्या जिथे वाढल्या तिथला होता. इथे त्या ती पिसं अंगावर घेऊन आल्या, एवढंच.

तू आधी हसलीस. खूप हसलीस. तुझं ते खोखो हसणं ऐकून कोंबड्या बिचकल्या. "हे पिसं इथले नाहीतच नं बाप्पा! अख्खा जन्म मी ट्रंका उचलून राहिली. मागच्या ठेसनचं सामान पुढच्या ठेसनावर येतं, हे माह्यापेक्षा जास्त कोणाले माहीत? आणि मीच चुकली!" मग एका पोरीचा पंख उचलून कापलेला खुंट बघितलास. आणि त्यांना दुखवायचं नव्हतं म्हणून तू जे केलं होतंस तेच नडलं होतं, हेही तुझ्या लक्षात आलं. तेव्हाच उपटली असती तर त्या जागी नवी पिसं इथेच वाढली असती. कापलेला खुंट आपोआप झडेपर्यंत त्या जागी नवं काही फुटत नाही.

त्याच दुपारी आपण तुझ्या सगळ्या कड्यावाल्या पोरी पकडल्या. तू त्यांना काखेत धरायचीस, एक हात त्यांच्या डोळ्यांवर, आणि मी खुंट ओढायचे. प्रत्येक वेळी कोंबडी एकदाच आक्रसायची आणि तूही. "सॉरी गं, सॉरी पोरी," असं तू दर वेळी म्हणालीस. आता त्या जागी येईल ते पीस पूर्ण इथलं. ते पुरतं वाढलं की यायचं, कापायचं, मोजायचं.

परतताना आपण सेक्टर सतरामध्ये उतरलो, कारंज्याजवळ बसून तू भाजलेलं कणीस खाल्लंस, आणि तिथे आपण भांडलो. मी म्हटलं, साहेबांना उद्या सकाळी सांग. पेपर थांबव. तू म्हणालीस, नवे पिसं आले की सांगीन. "रिकाम्या हातानं नाही जात मी कोणाकडे. आधीच कंत्राटी. चुकली म्हणून जाऊ? चुकली आणि हे खरं, असं घेऊन जाईन." मी म्हटलं, तेवढ्यात त्यांनी पाठवला तर? "नाही पाठवत. मले विचारल्याशिवाय कायले पाठवतील?" मी म्हटलं, तुला प्रत्येक ठिकाणी असंच वाटत आलंय आणि प्रत्येक ठिकाणी तुझं काम दुसऱ्यांनी नेलंय. ते बोलणं तुला लागलं. कणसाचा दांडा कचऱ्यात टाकून तू म्हणालीस, "चल, इराले घ्यायचं आहे." नंतर आपण बोलत होतो, पण कामापुरतं.

दिवाळीनंतर एका सकाळी तू चहा टाकलास आणि ओट्यापाशीच पडलीस. मेंदूत रक्तस्राव. भाऊजींचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते. "कल्पनाताई, मेधा गेली," एवढंच ते म्हणाले, आणि मी अख्ख्या बससमोर मराठीत ओरडले, "अशी कशी गेली? तिचं काम राहिलंय!" सुचलं ते हे. मला त्याची लाज वाटत नाही. खरोखर राहिलं होतं.

म्हणून शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे, आणि त्यानं माझा राग तसूभर कमी होत नाही. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "कल्पना जी, यह वक्त है इन बातों का? लिमिटेशन्स में एक लाइन डाल देंगे. उनकी बच्ची के पास कुछ तो रहे." मी म्हटलं, सर, निकालच खोटा आहे, एका ओळीत कसा बसेल? ते म्हणाले, "आप दुखी हैं. कुछ दिन छुट्टी ले लीजिए." आयजीच्या जिवावर बायजी उदार! तुझं नाव, तुझी चूक, आणि दानशूर हे. मी दार आपटून बाहेर आले. ते दार हळूच आपोआप बंद होणारं आहे, त्यामुळे आपटताही आलं नाही.

मग तुझ्या क्वार्टरवर गेले. तो दिवस मी कधी विसरणार नाही, आणि त्यासाठीही मी तुला माफ करणार नाही. हॉलमध्ये काळ्या पेट्या उघड्या होत्या. भाऊजी तुझ्या साड्या घालत होते, घडी जमत नव्हती. मी सांगत गेले, ते ऐकत गेले. शेवटी म्हणाले, "कल्पनाताई, माझ्या प्रत्येक बदलीत तिचं काहीतरी सुटलं. मी दर वेळी म्हणायचो, पुढच्या ठिकाणी कर. पहिल्यांदा तिचं नाव पहिलं येतंय. ते पण काढून घेणार तुम्ही?" इरा आतल्या दारात उभी होती. मराठी तिला सगळी कळते, बोलते मात्र हिंदीत. "मौसी, मम्मा का नाम फर्स्ट नहीं आएगा क्या?"

काय उत्तर देऊ मी त्या पोरीला? तू सांग. हे तुझं उत्तर होतं, तू द्यायचं होतंस, आपल्या वऱ्हाडी ठसक्यात, हसत, कणीस खात. तू नवी पिसं यायची वाट बघत बसलीस आणि हे सगळं माझ्या ओंजळीत टाकून गेलीस. मी चहा न घेता निघाले.

पुढच्या आठवड्यात मी एकटी बरवाल्याला गेले. थंडी पडायला लागली होती, शेतांवर धुकं होतं. जुन्या शेडपाशी गेले तर पिंजरे रिकामे. कोंबड्या विकल्या! तेवढ्यात जसपालजी आले आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तुझ्या कड्यावाल्या पोरी तेवढ्या त्यांनी ठेवल्या होत्या, त्याच शेडमध्ये, त्याच पिंजऱ्यांत. "मैडम जी कह के गए थे, मेरी कुड़ियाँ ना बेचना. व्यापारी बहुत बोला, मैंने नहीं दी." तुझ्या 'पोरी' त्यांच्या पंजाबीत 'कुड़ियाँ' झाल्या होत्या. मग माझ्या मागे रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मैडम जी गाड़ी में हैं?"

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. ते खाद्याच्या पोत्यावर बसले. मी शोकसभेत रडले नव्हते, स्मशानातही नाही. तिथे, कोंबड्यांच्या त्या वासात, उभ्यानं रडले. मग जसपालजी उठले, पगडी सारखी केली आणि म्हणाले, "चलो जी, कुड़ियाँ पकड़ते हैं." त्यांनी धरलं, मी कापलं. दर कोंबडीला 'सॉरी' म्हणायला मी विसरले नाही. तुझ्या सवयी मला लावून गेलीस, हा आणखी एक ताप.

प्रयोगशाळेत कात्रीला बसले तेव्हा हीटरचा पंखा बंद केला. दोन स्वेटर घातले आणि कुडकुडत पिसं कातरली. किट लावलं. आकडे आले. माझ्या पद्धतीनं आधी वजनानं भागले.

आणि मेधा, फरक आला! पिंजऱ्यातल्या कोंबड्यांमध्ये जास्त, मोकळ्या शेडमध्ये कमी. तुझा पहिला निकाल जसाच्या तसा. नव्या पिसांवर, इथल्या पिसांवर! मी खुर्चीतून उठून उभी राहिले. म्हणजे योगायोगानं का होईना, पेपर खराच होता. साहेबांना नवे आकडे द्यायचे, भाऊजींना सांगायचं, इराला सांगायचं, बाई, येतंय तुझ्या आईचं नाव पहिलं. फोन हातात घेतला होता मी. माझी इच्छा काय होती हे मी लपवत नाही.

तेवढ्यात टेबलावरच्या पिसांकडे नजर गेली. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची नवी पिसं लांबीला मोकळ्या शेडच्या पिसांइतकीच होती, पण विरलेली, पातळ, तारेवर घासून कडा गेलेली. हातात घेतलं तर जाणवत नव्हती. वजनच कमी. कमी वजनानं भागलं की आकडा फुगणारच. आणि तुझा आवाज आला, अगदी कानाशी, "वजनाले काय माहीत किती दिवस गेले?"

फुटपट्टी काढली. लांबीनं भागलं. फरक गेला. दोन्ही शेडमध्ये सारखं. मोकळी शेड तेवढी सुखाची नव्हती, आणि पिंजरा सुखाचा होता असंही नव्हतं. मला हवं होतं ते काही निघालं नाही, तुला हवं होतं तेही नाही. मी तिथे बसून तुला मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. बाहेरचा सफाईवाला दार ढकलून बघून गेला.

मी दुसरा पेपर लिहिला. आधी आपण काय मोजलं, कुठे चुकलो, कोंबडी दुसरीकडून आणली असेल तर तिचं पीस आधीच्या जागेचं कसं सांगतं, चूक कशी लक्षात आली आणि नवं पीस वाढवून पुन्हा कसं मोजलं. सगळं साफ. पहिलं नाव तुझं. तो घेऊन भाऊजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. मग विचारलं, "म्हणजे पहिल्यांदा तिचं नाव पहिलं येणार, ते चुकीवर?"

"हो. आणि ती चूक पकडली तिनंच. दुसऱ्या कुणी नाही. साहेबांनी नाही, मी नाही."

इरानं कागद भाऊजींच्या हातातून घेतला, वाचला, आणि प्रथमच माझ्यासमोर मराठीत म्हणाली, "बाबा, हाच पाठवा." उच्चार तुझाच होता, अकोल्याचा. भाऊजींनी त्या संध्याकाळीच साहेबांना कळवलं की आधीच्या पेपरातून तुझं नाव काढावं, कुटुंबाची संमती नाही. साहेब माझ्याशी अजून बोलत नाहीत. पण तुझ्या नावाशिवाय ती श्रद्धांजली उरतच नव्हती, आणि पहिला पेपर तिथेच थांबला. दुसरा गेला आहे. छापतात की परत पाठवतात, कळेल.

भाऊजींची बदली आली आहे. काळ्या पेट्या पुढच्या आठवड्यात निघतील. या वेळी तुझं काम मागे राहिलेलं नाही, एवढं मी बघितलं आहे.

आणि आता ऐक. त्या पेपरात आपण मिलिमीटरनं मोजलं आहे. फक्त मिलिमीटरनं. तू जिंकलीस. हे मी तुझ्या तोंडावर, कारंज्याजवळ, तुझ्या हातातलं अर्धं कणीस हिसकावून घेऊन सांगणार होते, आणि तू मला आयुष्यभर चिडवणार होतीस. ते ऐकायला तू थांबली नाहीस. त्याचा राग मात्र मी सोडणार नाही.

तुझी,
कल्पी